फुकट वाचलेल्या बातम्या

आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलवर असा एक मेसेज कधी ना कधी येतोच. 'आमच्या बातम्या तुम्हाला उपयोगी पडत असतील, तर महिन्याला जमेल तेवढी वर्गणी द्या.' आपण तो वाचतो, बोटानं वर सरकवतो आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतो. कारेगावच्या सुदर्शननं मात्र तो नुसता सरकवला नाही. त्यानं त्याला उत्तर दिलं.

रांजणगावच्या एका कंपनीत तो आठ वर्षं लाईनवर कामाला होता. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलं की मोबाईल काढायचा आणि 'घोडकाठ' वाचायचं, ही त्याची सवय. 'घोडकाठ' म्हणजे शिरूरचं बातमीपत्र. ते छापलं जात नसे, थेट मोबाईलवर येई. मालनबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं चार माणसं जमवून एक ट्रस्ट काढला होता, आणि शिरूर व दौंड या दोन तालुक्यांसाठी एकेक बातमीदार ठेवला होता. नफा कमवायचा नाही, कंपनीची जाहिरात घ्यायची नाही, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापायच्या नाहीत, हा ट्रस्टचा नियम. खर्च भागायचा तो वाचक देतील त्यावर. तीन वर्षांपूर्वी कंत्राटी कामगारांचा पीएफ कापला जातो पण भरला जात नाही, ही बातमी 'घोडकाठ'नंच काढली होती. त्या बातमीनंतर सुदर्शनचाही अडकलेला पीएफ जमा झाला होता.

तरी दिवाळीच्या आधी 'घोडकाठ'च्या वाचकांच्या ग्रुपवर मेसेज आला, की दौंडच्या बातमीदाराला पगार द्यायला ट्रस्टकडे पैसे उरलेले नाहीत, तेव्हा सुदर्शननं लिहिलं, 'बातमी काय इकत घ्यायची चीज हाय व्हय? उद्या हवेचं पण बिल पाठवाल.' ग्रुपवर हशा पिकला. शेजारी बसलेल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. सुदर्शनला आपण फार हुशारीचं काहीतरी बोललो असं वाटलं.

दिवाळीनंतर दौंडकडच्या बातम्या कमी होत होत बंद झाल्या. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सुदर्शनचं मूळ गाव दौंड तालुक्यातलं भांडगाव. त्याच्या आज्यानं मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केली होती. वडील म्हस्कू आबांनी मेंढरं विकली आणि रानात वस्ती करून ते शेतीला लागले. धाकटा भाऊ शंभू बारावी झाल्यावर घरीच बसला होता. सुदर्शननंच संपतशेठच्या हातापाया पडून त्याला कंपनीत लावलं. संपतशेठ लेबर कॉन्ट्रॅक्टर. कंपनीतली निम्मी पोरं त्याच्याच नावावर भरलेली. शंभू कारेगावात सुदर्शन आणि वहिनी सुषमाच्या खोलीवर राहायचा आणि दोघं भाऊ एकाच बसनं कामाला जायचे.

शिमगा होऊन आठवडा झाला होता. पहिल्या शिफ्टला शंभू प्रेस मशीनवर होता. त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस खाली यावी, म्हणजे हात मध्ये राहत नाही. पण माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरनं एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलं होतं. सगळ्यांना ते माहीत होतं. सव्वाअकराला शंभूचा उजवा हात प्रेसखाली गेला. चार बोटं गेली, आणि अर्धा तळहातही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी संपतशेठ आला. खुर्ची ओढून बसला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "सुदर्शन, पोरगं त्या दिवशी कामावर नव्हतंच. माझ्या वहीत हजेरी न्हाई. गावाकडं गुऱ्हाळावर काय तरी झालं म्हणं. मी माणुसकी म्हणून आलो."

"शेठ, आमी एका बशीनं आलो. मी सोता त्याला गाडीत घातला."

"तू भाऊच हायेस. भाऊ काय बी म्हणल."

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या. भांडगाव येथे गुऱ्हाळाच्या चरकात हात सापडून तरुण जखमी. घटनेच्या वेळी तरुण दारूच्या नशेत असल्याची परिसरात चर्चा.

शंभूनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण छापून आलं ते खरं, असं मानणारी माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत. कामगार विम्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी सुदर्शनला नीट बसवून सांगितलं, की कामावरच्या अपघाताचा मालकाकडून रिपोर्ट आला पाहिजे. इथं उलट मालकानंच पेपरचं कात्रण जोडलंय, तर आम्ही कशाच्या आधारावर पुढं जाणार? त्याच आठवड्यात शंभूची ठरलेली सोयरीक मोडल्याचा निरोप आला. मुलीच्या मामानं फोनवर एवढंच विचारलं, "पोरगा पितो, हे आमाला आधी का सांगितलं न्हाई?"

शंभूला भांडगावला वस्तीवर नेलं. तो कुणाशी बोलेना. आई बयाबाई भाकरी कुस्करून त्याला भरवायची. दोन घास खाऊन तो मान फिरवायचा. गावातलं कुणी भेटायला आलं की पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपायचा, कारण आलेला माणूस हाताकडे पाहायच्या आधी त्याच्या तोंडाचा वास घेतोय असं त्याला वाटायचं.

सुदर्शन पेपरच्या बातमीदाराकडे गेला. तो चांगला वागला, चहाही पाजला. "मला फोनवर जे कळलं ते मी दिलं," तो म्हणाला. "खुलासा छापायला वरनं परवानगी लागते. आन् खरं सांगू का, तुमच्या कंपनीची पानभर जाहिरात असती आमच्याकडं. माझ्या हातात काय न्हाई." मग सुदर्शन एका स्थानिक यूट्यूब चॅनलवाल्याकडे गेला. त्यानं नाव ऐकलं आणि हात जोडले. ते चॅनल संपतशेठच्या पुतण्याच्या पैशावर चालत होतं.

चैत्रातल्या एका दुपारी आबांचा फोन आला. आबा कधी स्वतःहून फोन करत नसत.

"सुदर्शना, शंभू रेल्वेलाईनला जाऊन बसला हुता."

सुदर्शननं मोबाईल कानाशी घट्ट धरला.

"मी बसलो त्याच्याजवळ," आबा म्हणाले. "दोन गाड्या गेल्या. मग उठवून घिऊन आलो. घरात हाय आता, आई हाय त्याच्यापाशी. पर मी म्हातारा माणूस, रोज किती राखण करू? मेंढराची करता येती. माणसाची कशी करायची?"

त्या संध्याकाळी सुदर्शन खोलीत गुडघ्यात मान घालून बसला. सुषमानं चुलीवरचा तवा खाली उतरवला आणि ती म्हणाली, "अवो, ते घोडकाठवाल्या बाईंकडं जावा की."

"त्यांच्याकडं कोणत्या तोंडानं जाऊ?"

"शंभू भावजींच्या तोंडाकडं बघून जावा. आपल्या तोंडाचं नंतर बघू."

सकाळी तो शिरूरला पोचला. 'घोडकाठ'च्या ऑफिसात एक खोली रिकामी झाली होती, कारण भाडं परवडत नव्हतं म्हणून ती सोडली होती. दुसऱ्या खोलीत मालनबाई एकट्याच बसल्या होत्या. सुदर्शननं सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. त्याचं संपल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"ही चार ओळींची बातमी आली ना, त्याच दिवशी मी ती वाचली होती," त्या म्हणाल्या. "मला शंका आली. शिमग्यानंतर गुऱ्हाळावर रात्रंदिवस माणसं असतात. हात सापडला असता तर पंचवीस जणांनी पाहिलं असतं. कुणीतरी भांडगावला जाऊन विचारायला हवं होतं."

"मग का न्हाई इचारलं, बाई?"

"कोण जाणार? दौंडला आमची करिश्मा होती. पाच वर्षं तिनं तालुका पायाखाली घातला. दिवाळीत तिला मी घरी पाठवलं. पगार द्यायला पैसे नव्हते. आता ती एका क्लासच्या ऑफिसात पावत्या फाडते. माझे गुडघे गेलेत, शिरूरचा बातमीदार पोरगा एकटाच तो तालुका बघतो. जूनपर्यंत चालवायचं आणि कुलूप लावायचं, असं ट्रस्टनं ठरवलंय."

तो उठून उभा राहिला. वर्गात चूक कबूल करणाऱ्या पोरासारखे त्याचे हात पोटापाशी आले.

"बाई, हवेचं बिल पाठवाल असं ग्रुपवर लिवणारा मीच."

"आठवतंय," मालनबाई म्हणाल्या. "त्या दिवशी करिश्मा इथंच होती. तिनंही वाचलं. हसली ती. मग म्हणाली, बाई, मी दुसरं काम बघते."

"माझं चुकलं. माझ्या भावानं त्याचं भोगलं."

"भावाचा हात तुमच्यामुळं गेला नाही, हे डोक्यातून काढा. तो टेप लावणाऱ्यामुळं गेला. पण खोटं टिकलं ते आपल्या सगळ्यांमुळं. बसा खाली."

तो बसला. बाई शिकवत असत तशा सावकाश बोलू लागल्या. "गावच्या जत्रेला तुम्ही वर्गणी देता ना? कुस्त्यांच्या फडाला देता? का देता? तर फड आपला आहे म्हणून. उद्या एकट्या शेठनं सगळा फड भरवला, तर कुठल्या मल्लाला जिंकवायचं हे तोच ठरवणार. बातमीचंही तसंच. कुणीतरी तिचा खर्च देतंच. आपण नाही दिला तर कंपनी देते, पुढारी देतो. मग बातमी त्याची होते आणि आपण नुसते वाचणारे उरतो. तुम्ही फुकट वाचत होता असं तुम्हाला वाटायचं. किंमत कुठंतरी चुकती होतच होती."

"मग आता काय करू, बाई? करिश्माताईंना सांगा ना. माझ्या भावासाठी दोन दिवस फिरतील त्या. पुण्याईचं काम हाय."

"ती फिरेलही," मालनबाई म्हणाल्या. "मी शब्द टाकला तर सुट्टीच्या दिवशी फुकट जाईल ती. पण मी टाकणार नाही. तुमची फसवणूक झाली म्हणून तुम्ही रडत आलात, आणि लगेच दुसऱ्याच्या कष्टाला पुण्य म्हणून फुकट मागता. तिच्याही घरी आई आहे. तिचा एका महिन्याचा तरी पगार उभा राहू दे. तुमच्या एकट्याच्या खिशातून नको. एकट्यानं दिला तर तुम्ही शेठ झालात. थोडं थोडं, पुष्कळांकडून."

सुदर्शन बाहेर पडला तेव्हा त्याला बाईंचा राग आला होता. घरात भाऊ मरायला टेकलाय आणि ही बाई नियम सांगते. शिरूरहून कारेगावपर्यंत तो राग त्याच्यासोबत गाडीवर होता. कारेगावच्या चौकात सिग्नलला तो थांबला. शिफ्ट सुटली होती. शेकडो माणसं डबे घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि चालता चालता सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये होत्या. आपणही असेच वाचत चाललो होतो, हे त्याला तिथं दिसलं, आणि राग बाईंवरचा उतरून स्वतःवर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसमध्ये जागेवर बसला नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागं दांडीला धरून उभा राहिला.

"माझं पाच मिनिटं ऐका," तो म्हणाला. "शंभू माझ्यासंगं याच बशीत त्या सीटवर बसून आला हुता. तुमी पाह्यला. पेपरात आलं की तो गुऱ्हाळावर दारू पिऊन पडला. तुमी ते बी वाचलं. कोण काय बोललं न्हाई. मी तुमाला दोष देत न्हाई, मी बी आदी असाच हुतो."

मग त्यानं करिश्माचं सांगितलं, ग्रुपवरच्या स्वतःच्या मेसेजचं सांगितलं, आणि ऑफिसच्या सोडलेल्या खोलीचंही. करिश्माच्या एका महिन्याच्या पगारासाठी जमेल तेवढी वर्गणी मागितली. मागच्या सीटवर संपतशेठचा सुपरवायझर होता. तो मोठ्यानं म्हणाला, "सुदर्शन, खाली बस. नोकरी जड झाली का?"

सुदर्शन उभाच राहिला. अख्खी बस खिडकीबाहेर बघत होती. त्या दोन मिनिटांत आपल्याला कुणी नाही असं त्याला जितकं वाटलं, तितकं दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पॅकिंगच्या बानूबाई बोलल्या. पन्नाशीची विधवा बाई, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. "मी दीन वर्गणी. माझ्या नातीच्या शाळंला पिण्याचं पाणी न्हवतं, तवा त्यांनीच छापलं आन् टाकी बसली. पर एक इचारते सुदर्शन. तुझ्या भावाचं काम झालं, की तू बंद करशील न्हवं का?"

प्रश्न वर्मी बसला. सुदर्शनला खोटं बोलवेना. "काल इचारलं असतं, तर व्हय म्हणलो असतो, मावशी. आता न्हाई बंद करणार."

त्या दिवशी बसमधून उतरताना सात जणांनी त्याच्याकडे ट्रस्टचा नंबर मागितला. पुढच्या आठवड्यात तीन बसमधून आणि कारेगावच्या भाड्याच्या खोल्यांमधून माणसं जोडली गेली. सुषमा दारोदार गेली. कुणी चहाच्या एका कपाएवढे पैसे दिले, कुणी तोंडावर दार लावलं. बसमधल्या प्रसंगानंतर चारच दिवसांनी सुदर्शनला लाईनवरून काढून लोडिंगला टाकलं. उन्हात दिवसभर खोकी उचलताना त्याची कंबर धरायची. सुपरवायझर रोज जवळ येऊन विचारायचा, "बातमी आली का रं?"

करिश्माचा एका महिन्याचा पगार जमला, आणि ती क्लासमधून महिन्याची रजा घेऊन कामाला लागली. ती पहिल्यांदा भांडगावच्या वस्तीवर गेली. शंभूला तिनं हाताबद्दल काही विचारलं नाही. बयाबाईंशी बोलत बसली. तासाभरानं शंभू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "मी पीत न्हाई. तेवढं लिवा." अपघातानंतर तो परक्या माणसाशी पहिल्यांदाच बोलला होता.

मग ती गुऱ्हाळावर गेली. मालकानं आधी टाळाटाळ केली, शेवटी सांगितलं, की पेपरवाला कुणी आलाच नव्हता, आणि त्या आठवड्यात गुऱ्हाळ बंदच होतं. चरकाचा गिअर तुटला होता. अख्खा चरक दौंडला वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला गेला होता. करिश्मा दौंडला गेली. तिथल्या फिटरनं पावतीपुस्तक काढून दाखवलं. ज्या दिवशी चरकात शंभूचा हात सापडला असं छापून आलं होतं, त्या दिवशी तो चरक भांडगावात नव्हताच. दौंडमध्ये उघडून ठेवलेला होता.

शंभूच्या शेजारच्या मशीनवरचा बिहारी कामगार अपघातानंतर दोनच दिवसांत गावी पाठवला गेला होता. करिश्मानं त्याचा नंबर मिळवला. तो फोनवर रडला. "दीदी, मेरा नाम मत लिखना," तो म्हणाला, "लेकिन टेप मैंने अपनी आँख से देखा. खून हमसे ही धुलवाया." मालनबाईंनी त्यावरही समाधान मानलं नाही. त्याच खात्यातल्या आणखी दोघांकडून तेच पडताळून घेतलं, कंपनीला आणि संपतशेठला लेखी प्रश्न पाठवले, आणि त्या उत्तरासाठी थांबल्या. सुदर्शन रोज फोन करायचा, बाई, कधी? बाई म्हणायच्या, खोट्याला घाई चालते, आपल्याला नाही.

करिश्मा कामाला लागल्यापासून अठराव्या दिवशी बातमी आली. पावतीचा फोटो, तारीख, नावं न देता तिघांचे जबाब, कंपनीचं 'चौकशी करू' हे एका ओळीचं उत्तर, सगळं तिच्यात होतं. शेवटी एक वाक्य होतं, 'शंभू दारू पीत नाही, असं त्यानं स्वतः, त्याच्या घरच्यांनी आणि आम्ही बोललेल्या सर्व सहकाऱ्यांनी सांगितलं.'

दुपारपर्यंत ती बातमी कारेगावच्या प्रत्येक मोबाईलवर होती. दोन दिवसांनी मोठ्या पेपरला खुलासा द्यावा लागला. विम्याच्या ऑफिसानं फाईल पुन्हा उघडली आणि कंपनीकडून गेटची नोंद मागवली. कारखान्यांची तपासणी करणारे अधिकारी आले, आणि ते यायच्या आदल्या दिवशी सगळ्या मशीनवरचे टेप निघाले.

वाचकहो, इथं सगळं गोड झालं असं सांगता आलं असतं. पण तसं झालं नाही. शंभूचा हात परत आला नाही. मोडलेली सोयरीक मोडलेलीच राहिली. विम्याचा निकाल अजून लागायचा आहे, आणि संपतशेठ आजही पोरं भरतो. सुदर्शन अजून लोडिंगलाच आहे. झालं ते एवढंच, की एका सकाळी शंभू आबांच्या सोबत गावातल्या पारावर जाऊन बसला. कुणी काही विचारलं नाही. एका म्हाताऱ्यानं सरकून त्याला जागा करून दिली. डाव्या हातानं त्यानं चहाचा कप उचलला, थोडा सांडला, आणि तो प्याला.

जूनमध्ये 'घोडकाठ'ला कुलूप लागलं नाही. वर्गणीदार अजून पुरेसे नाहीत, दर महिन्याला ओढाताण होते. करिश्मा मात्र क्लासमध्ये परत गेली नाही, दौंड तालुक्यात फिरते आहे. परवा तिची बातमी आली, दौंडच्या दुसऱ्या टोकाला नदीकाठच्या एका गावात बाळंतिणींना दवाखान्यात न्यायला गाडीच मिळत नाही म्हणून. सुदर्शन त्या गावी कधी गेला नव्हता. तिथं त्याचं कुणी नातलग नाही. कंपनीच्या बसमध्ये उभ्यानं, दुखरी कंबर दांडीला टेकवून, त्यानं ती बातमी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. त्या गावातल्या बाळंतिणीला गाडी मिळावी म्हणून आपले चहाचे पैसे गेलेत, हे त्याला बरं वाटलं.

आपण एवढंच लक्षात ठेवावं. आपल्यावर वेळ येते तेव्हा खरं लिहिणारा माणूस अचानक उगवत नाही. दुसऱ्यांवर वेळ आलेली असताना आपण त्याला जगवलेलं असावं लागतं.